एक जूनची मुले

एक जूनला माझा वाढदिवस असतो. आमच्या गावात त्याच दिवशी माझ्या बरोबरीच्या निदान वीस-पंचवीस जणांचा असतो. फोनवरच्या गावाच्या गटात सकाळपासून शुभेच्छांचा पाऊस पडतो, आणि ज्याने शुभेच्छा दिल्या त्याचाही वाढदिवस तोच असल्याने त्याला उलट शुभेच्छा द्याव्या लागतात. सरकारी कचेऱ्यांत एकतीस मेला निवृत्तीचे हार कमी पडतात तेही याचमुळे. यातले गुपित सर्वांना ठाऊक आहे. जूनमध्ये शाळा उघडे. गुरुजी वाडीवस्तीवर फिरून पोरे गोळा करीत. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला, की पोर सहा वर्षांचे झाले असे समजत आणि सहा वर्षे मागे जाऊन एक जून ही तारीख मांडत. माझा कान मला १९७४ साली हाताला लागला, म्हणून मी १ जून १९६८चा.

खरी तारीख मला माहीत नाही. कोयनेचा भूकंप झाला, म्हणजे ११ डिसेंबर १९६७ला, मी पोटात होतो आणि शिमग्याच्या आगेमागे जन्मलो, एवढे आई सांगत असे.

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, मात्र एक जूनही मिळाला नाही. ती शाळेच्या पटावर कधी आलीच नाही. मी तिच्या कडेवर होतो, ते तिचे शाळेचे वय होते. २०२३ साली मी तिच्या वृद्धापकाळाच्या मदतीसाठी तालुक्याला अर्ज केला. वयाची पासष्ट वर्षे पूर्ण झाल्याचा दाखला हवा होता. शाळेचा दाखला नाही, आधार कार्डावर कुणीतरी ठोकून दिलेले साल, तेही नाव नोंदवणाऱ्याच्या मर्जीचे. शेवटी तिला डॉक्टरपुढे उभे केले. त्यांनी तोंड उघडायला लावले, दात पाहिले, हाताची कातडी पाहिली, “मावशी, नातवंडं किती?” असे विचारले आणि लिहिले : अंदाजे ६२.

माणूस उभे करून, दात पाहून वय ठरवण्याचा हा प्रकार मी आधी कुठेतरी वाचला होता. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. एका कारखान्याच्या हिशेब खात्यात तीस वर्षे घालवलेला माणूस आहे, पण जुने अहवाल आणि वर्तमानपत्रांच्या फायली वाचण्याचा नाद जुना आहे. घरी आल्यावर वह्या चाळल्या. ते वर्णन मुंबईच्या गिरण्यांतल्या मुलांचे होते आणि काळ सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वीचा. तिथून हा शोध सुरू झाला. मूल म्हणजे कोण, त्याचे घरात आणि समाजात काम काय, याविषयीची आपली समजूत कशी पालटत गेली, हे पाहायचे तर ‘वय किती’ हा प्रश्न कोण, कुणाला, कशासाठी विचारू लागले याचा माग काढावा, असे मला वाटू लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारीत नव्हता. ज्या घरांत जन्मपत्रिका मांडली जाई त्यांना वय घटका-पळांसह ठाऊक असे. मुलाची मुंज आठव्या वर्षी, मुलीचे लग्न तिला न्हाण येण्याआधी, असे हिशेब त्यावर चालत. बाकीच्या समाजात वय आकड्यात नसे, ते अंगात असे. पोर ‘पाखरं राखण्याजोगं’ झाले, ‘गुरांमागं जाण्याजोगं’ झाले, पोरगी ‘मूल सांभाळण्याजोगी’ झाली, ‘घागर उचलण्याजोगी’ झाली. या पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरीवर पोराचे घरातले मोल वाढे. सालांची खूण मोठ्या आपत्तींनी पटत असे : दुष्काळाचे साल, प्लेगाचे साल, भूकंपाचे साल.

याचा अर्थ मुलांवर माया नव्हती असा काढू नये. फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६०मध्ये मांडले, की मध्ययुगीन युरोपात बालपण ही कल्पनाच नव्हती. त्यावर तिकडेही पुष्कळ टीका झाली. जात्यावरच्या ओव्यांत तान्ह्या बाळाचे जेवढे कौतुक साठले आहे तेवढे पाहणारा मराठी माणूस आरिएसचे म्हणणे जसेच्या तसे उचलणार नाही. पण कौतुक आणि काम यांत त्या काळी विरोध दिसत नव्हता, हे खरे. ज्या पोराची दृष्ट काढायची त्यालाच पहाटे शेण गोळा करायला धाडायचे, यात कुणाला काही वावगे वाटत नसे. मूल घरातले माणूस होते आणि घरातल्या प्रत्येक माणसाला काम होते.

वयाचा आकडा मागायला आले ते सरकार, आणि त्या दृष्टीने १८८१ हे साल मला फार महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी १७ फेब्रुवारीला साऱ्या देशाची एकाच वेळी शिरगणती झाली. मोजणी करणाराने दारात येऊन प्रत्येकाचे वय विचारले. लोकांनी दहा, वीस, तीस, चाळीस अशी गोल उत्तरे दिली. पुढच्या कित्येक शिरगणत्यांत अधिकाऱ्यांनी या गोल आकड्यांविषयी डोके धरले आहे. आमच्या एक जूनचे हे पूर्वजच म्हणायचे.

त्याच वर्षी जुलैपासून हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी ॲक्ट अमलात आला. यंत्रावर चालणारा, शंभर किंवा अधिक माणसांचा कारखाना असेल तर तिथे सात वर्षांखालचे मूल कामाला ठेवायचे नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तासांहून जास्त राबवायचे नाही. सात वर्षांचे मूल आणि नऊ तास! आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा ही सुधारणा होती आणि तीही भांडून मिळवावी लागली. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी १८७८ साली आपल्या हिमतीवर असा कायद्याचा मसुदा तयार केला होता. तो पुढे सरकला नाही. गिरणीमालकांचा विरोध होताच, पण आपल्या राष्ट्रीय वृत्तीच्या पत्रांचाही होता. लँकेशायरच्या गिरणीमालकांना मुंबईची स्पर्धा डोईजड होऊ लागली म्हणून त्यांना आपल्या पोरांची दया आली, असे त्यांचे म्हणणे. ते पुरते खोटे नव्हते. लँकेशायरचा दबाव होता, याचे पुरावे आहेत. मला खटकते ते एवढेच, की ज्या मुलांवरून ही भांडाभांडी चालली होती ती खुद्द मुले त्या लेखांत क्वचितच दिसतात.

आणखी एक योगायोग. १८८१मध्येच विनायक कोंडदेव ओक यांनी मुलांसाठी ‘बालबोध’ मासिक काढले आणि तीसहून अधिक वर्षे, बहुधा एकहाती, चालवले. थोरांचे चरित्र, कविता, निबंध, एखादा शास्त्रीय विषय असा त्याचा घाट. ज्याला अजून काही करायचे नाही, फक्त घडायचे आहे, असे मूल मराठीत वाचक म्हणून अवतरले. ‘बालबोध’ची वाट पाहणारा गिरगावातला मुलगा आणि पहाटेच्या भोंग्याला परळच्या गिरणीत शिरणारा मुलगा यांच्यात अंतर दोन-एक कोसांचे. दोघेही दहा वर्षांचे असतील. एक ‘बालक’ होता आणि दुसरा कायद्याच्या भाषेत कामगार होता. बालपण ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना एकदम मिळालेली नाही. ती आधी काही घरांत आली आणि बाकीच्यांपर्यंत पोहोचायला तिला शतक लागले.

गिरणीतल्या मुलाचे वय ठरणार कसे? त्याच्याजवळ पत्रिका नाही, जन्माचा दाखला नाही. म्हणून सरकारने नेमलेला डॉक्टर मुलाला पाहून, दातांवरून आणि अंगलटीवरून, वयाचा दाखला देई. १८९१च्या दुरुस्तीने किमान वय नऊ झाले आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तासांची मर्यादा आली. १९११ साली कापडगिरण्यांतली ही मर्यादा सहा तासांवर आली. अशा मुलांना हाफ टायमर म्हणत. साचाखात्यात भरलेल्या बाबिणी उतरवणे, रिकाम्या चढवणे, तुटलेले सूत सांधणे ही कामे लहान बोटांना जमत, म्हणून मालकांना ती मुले हवी असत. आईबापांनाही त्यांची कमाई हवी असे. मग दोघे मिळून डॉक्टरला फसवीत. एका गिरणीत सहा तास संपले, की दुसऱ्या दाखल्यावर दुसऱ्या गिरणीत आणखी सहा तास, असेही चाले. ते इतके बोकाळले की विसाच्या दशकात त्यासाठी आईबापांनाच दंड करण्याची तरतूद करावी लागली. त्याआधी १९०८च्या फॅक्टरी लेबर कमिशनलाही मुलांविषयीचे नियम कित्येक ठिकाणी सर्रास मोडलेले आढळले होते.

माझे आजोबा या मुलांपैकी एक. पहिल्या प्लेगाच्या सुमारास त्यांचा जन्म. चुलत्याबरोबर साताऱ्याकडून मुंबईला गेले ते गिरणीत लागण्यासाठीच. डॉक्टरपुढे रांगेत उभे असताना चुलता मागून सांगत होता, “टाचा उचल, टाचा उचल.” आजोबा ही गोष्ट हसत हसत, एखादा पराक्रम सांगावा तशी सांगत. मला ती बरीच वर्षे विनोदी वाटत असे. त्यांच्या लेखी टाचा उचलणे म्हणजे घरातला कर्ता होणे होते. पुढे ते गावी मनिऑर्डर धाडीत, आणि त्या मनिऑर्डरीवर गावाकडच्या धाकट्या भावाचे लग्न झाले, हे त्यांनी अभिमानाने कितीदा तरी सांगितले. कायद्याने जे हिरावून घेतले जात होते असे आपण म्हणतो त्याची त्यांना तक्रार नव्हती. संशोधकाने इथे जरा जपून बोलावे, असे मला वाटते. त्यांचे बालपण हरवले हे मी त्यांच्या वतीने ठरवणार कोण? पण त्यांना सही करता येत नव्हती आणि अंगठा देताना ते मान दुसरीकडे फिरवीत, हेही मी पाहिले आहे.

मुलांच्या अंगावर वयाचा दुसरा आकडा १८९१मध्येच चिकटला. तो मुलींच्या. संमतिवयाच्या कायद्याने दहाची मर्यादा बारावर नेली. त्याआधी सात वर्षे बेहरामजी मलबारींच्या टिपणांपासून वाद पेटला होता. रखमाबाईने अकराव्या वर्षी झालेले लग्न नाकारून कोर्टात उभे राहण्याचे धाडस केले होते. कलकत्त्यात फुलमणी ही कोवळी मुलगी नवऱ्याच्या हातून मेली आणि खटल्यात एक प्रश्न असा निघाला, की ती दहा वर्षांच्या वर होती की खाली? डॉ. भांडारकर आणि टिळक यांच्यातला शास्त्रार्थ सर्वांना ठाऊक आहे, त्याची उजळणी इथे नको. टिळकांनी स्वतः मुलींची लग्ने सोळापर्यंत करू नयेत अशी प्रतिज्ञा सुधारकांपुढे ठेवली होती, सरकारचा हात मात्र त्यांना घरात नको होता. मला त्या रणधुमाळीत एवढेच टिपायचे आहे, की जी मुलगी तोवर ‘न्हाण आलेली’ किंवा ‘न आलेली’ होती ती आता ‘बारा वर्षांखालची’ किंवा ‘वरची’ झाली. घरातल्या बायकांना जे डोळ्यांनी कळे ते आता कागदावर सिद्ध करावे लागणार होते. आनंदीबाई जोशी नवव्या वर्षी बोहल्यावर चढल्या आणि चौदाव्या वर्षी त्यांचे तान्हे मूल दगावले, तेव्हा या कागदाचा पत्ताच नव्हता.

तिसरा आकडा शाळेचा. त्याची मागणी सर्वांत आधी आणि सर्वांत नेमकी जोतीराव फुल्यांनी केली. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे सांगितले. त्यांना सक्तीचा अर्थ माहीत होता. शेतकऱ्यांची आणि गरिबांची मुले शाळेत टिकत नाहीत, कारण आईबापांना ती गुरे राखायला आणि शेतावर लागतात, हेही त्यांनी तिथेच नोंदवले आणि म्हणून शिष्यवृत्त्या, बक्षिसे द्या, असे सुचवले. पोराच्या हातांची किंमत घराला मोजावी लागते हे ज्याला कळले असा त्या काळचा दुसरा शिक्षणविचारक मला सापडलेला नाही.

बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो राज्यभर नेला. मुलग्यांना बाराव्या वर्षापर्यंत, मुलींना मात्र दहाव्या. गोखल्यांनी १९११च्या मार्चमध्ये आपले विधेयक मांडले तेव्हा सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपासूनच सुरू करायची होती. १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी ते पडले. विरोधकांत सरकारी सदस्य होते तसे जमीनदारही होते, आणि शेतावर पोरे कमी पडतील ही काळजी त्यांना नव्हती असे म्हणता येत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली कायदाच केला. जो पालक मुलाला शाळेत धाडणार नाही त्याला दरमहा एक रुपया दंड. फुल्यांची मागणी निदान एका संस्थानात तरी पस्तीस वर्षांनी पुरी झाली.

गोखल्यांच्या विधेयकात एक कलम असे होते, की आजारपण, शेतीचा हंगाम किंवा घरगुती गरज असेल तर मुलाला गैरहजर राहण्याची सूट मिळावी. व्यवहारी माणसाचे कलम आहे ते. विरोध कमी व्हावा म्हणून घातले असणार. पण ‘घरगुती गरज’ या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो. घरगुती गरज म्हणजे काय? आई शेतावर गेली, की पाळण्यातले पोर कोणी पाहायचे, ही. ती गरज भागवायला घरात एकच माणूस असे, आठ-दहा वर्षांची पोरगी. फॅक्टरी ॲक्टला ती दिसली नाही, कारण चूल काही कारखाना नव्हे. संमतीच्या कायद्याला ती लग्नापुरती दिसली. आणि शाळेच्या सक्तीतून तिला आधीच वगळले होते. माझी आक्का जन्मली तेव्हा मुंबई राज्यात १९४७चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा होता, राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. आमच्या गावात शाळा होती, गुरुजी होते. गुरुजी आमच्या दारातही आले असतील. त्यांनी कडेवरचे मूल पाहिले असेल आणि पुढच्या घरी गेले असतील.

ते मूल ज्यांना खरोखर दिसले त्या दोन बायका म्हणजे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाई गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला माँटेसोरी पद्धतीने काम केलेल्या. अनुताईंचे तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत वैधव्य आले. १९४५ साली त्यांनी बोर्डीला खेड्यातली बालवाडी सुरू केली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेऊ, असा तो विचार. १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत काम सुरू झाले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की मोठी पोरगी येते ती कडेवर धाकटे घेऊन, आणि ते रडू लागले की उठून जाते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच ठिकाणी आणली. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. जी मुले गुरांमागे जात त्यांच्यासाठी शाळा कुरणात नेली, तिला नाव पडले कुरणशाळा. फुले म्हणाले होते की पोराच्या हातांची घराला गरज आहे. ताराबाई-अनुताईंनी ती गरज नाकारली नाही, दंडही केला नाही. ती वाटून घेतली. बालशिक्षणाच्या आपल्या इतिहासात त्यांना गाणी-खेळ शिकवणाऱ्या म्हणून जे स्थान मिळते ते मला अपुरे वाटते.

पुढची मजल थोडक्यात. १९४८च्या फॅक्टरी ॲक्टने चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्याची दारे बंद केली. २००९च्या कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. २०१६च्या दुरुस्तीने चौदाखालच्या मुलांना सगळीकडे कामाला मनाई केली, मात्र शाळेची वेळ सोडून घरच्या व्यवसायात मदत करण्याची सूट ठेवली. गोखल्यांची ‘घरगुती गरज’ शंभर वर्षांनी नव्या कपड्यांत परत आली, असे मी एका व्याख्यानात म्हणालो तेव्हा श्रोत्यांतले एक कुंभार गृहस्थ उठून म्हणाले, “मग आमच्या पोरांनी चाक कधी शिकायचं?” मला उत्तर देता आले नाही. अजून नीट देता येत नाही.

आता आक्काच्या वयाकडे येतो. गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, तिथे शोध घ्यायचे ठरवले. तीन हेलपाट्यांनंतर मोडी वळणाच्या बोजड अक्षरातली ती पाने समोर आली. वडिलांच्या नावापुढे दोन नोंदी सापडल्या. एक १९५६ची, एक १९५९ची. दोन्हींत अपत्याच्या रकान्यात एकच शब्द : मुलगी. नाव नाही. त्या रकान्यात तेव्हा नाव घालायची पद्धतच नव्हती, बारशाआधीच नोंद होई. आमची एक बहीण तान्हेपणी गेली, एवढे आम्हाला माहीत आहे. ती आक्काच्या आधीची की पाठची, हे सांगू शकणारे आता कोणी नाही. मृत्यूच्या नोंदींची त्या वर्षांची पाने कसरीने खाल्लेली. म्हणजे आक्का त्या दिवशी एकतर सदुसष्ट वर्षांची होती किंवा चौसष्टची, आणि ज्या मदतीसाठी हे चालले होते त्या योजनेला नाव श्रावणबाळाचे, आईबापांची कावड वाहणाऱ्या मुलाचे.

मी तिला दोन्ही नकला वाचून दाखवल्या. म्हटले, आधीचे साल लावले तर काम आत्ता होईल, पण ते साल कदाचित तुझे नाही. ती भाकरी थापत होती.

“मग तिचं लाव की,” ती म्हणाली. “तिला कुठं लागतंय आता.”

मी लावले नाही. हिशेब खात्यातली सवय म्हणा. वर्षभर थांबलो. दुसऱ्या नोंदीनेही पासष्ट भरली तेव्हा दोन्ही नकला जोडून अर्ज पुन्हा दिला आणि तो पुढे सरकला. त्या वर्षाची मदत बुडाली, यावरून ती मला अधूनमधून टोमणे मारते. मागच्या एक जूनला तिचा फोन आला. शुभेच्छा वगैरे तिला जमत नाहीत. “आज तुमच्या समद्यांचा हाय न्हवं?” एवढेच म्हणाली आणि गुरांना पाणी दाखवायचे आहे म्हणून फोन ठेवला.